पाण्याची तारीख

१२ जानेवारी, रेडवूड सिटी

दादाशी आज सविस्तर बोलणं झालं. जूनमध्ये तो साताऱ्याहून येतो आहे. त्यामुळे यंदाचा मोठा ट्रेक ठरला. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या टुआलमी नदीच्या घळईत उतरून वॉटरव्हील धबधब्यापर्यंत जायचं. दादा, मी आणि लेक, अशी तिघं.

योसेमिटीला येणारे बहुतेक लोक खालच्या दरीतले धबधबे पाहून परततात, कारण ते गाडीतून उतरल्यावर दिसतात. वॉटरव्हील वरच्या अंगाला आहे आणि गाडीरस्त्यापासून चौदा किलोमीटरहून जास्त आत. टुआलमी मेडोजच्या कुरणातून नदी संथ निघते, मग ग्रॅनाइटच्या घळईत शिरते आणि एकामागून एक उड्या घेते: टुआलमी फॉल्स, व्हाइट कॅस्केड, पुढे कॅलिफोर्निया फॉल्स, लकाँट फॉल्स आणि शेवटी वॉटरव्हील. हा शेवटचा सुमारे ३०० फुटांचा. कड्यावरून थेट कोसळणारा नाही. तिरप्या, गुळगुळीत कातळावरून पाणी वेगाने घसरत येतं, वाटेतल्या खाचांवर आणि उंचवट्यांवर आदळतं आणि कमानीसारखं वर उसळून मागे पडतं. पाण्याची फिरती चाकं दिसतात ती यामुळे. मात्र नदी भरलेली असेल तरच. ऑगस्टमध्ये गेलं तर कातळ भेटतो, चाकं भेटत नाहीत.

नकाशा टेबलावर पसरला आहे. समोच्च रेषा चाळीस-चाळीस फुटांच्या. सुरुवात ८,६०० फुटांवर, धबधब्याचा पायथा ६,५०० च्या आसपास. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे या वाटेवरची सगळ्यात खालची जागाही कळसूबाईच्या माथ्याच्या वर. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. सह्याद्रीत आपण ताज्या पायांनी गड चढतो आणि दमलेल्या पायांनी उतरतो. इथे आधी २,१०० फूट उतार आणि परतताना तेवढाच चढ. उतारावर पाय आपोआप पडत जातात आणि माणूस हवा त्याहून खोल जातो. या ट्रेकचा हिशोब परतीपासूनच मांडायला हवा.

२० जानेवारी

परवान्यासाठी अर्ज भरला. योसेमिटीच्या रानात रात्र काढायची तर वाइल्डरनेस परमिट लागतं आणि प्रत्येक वाटेवरून रोज किती माणसं आत सोडायची ते ठरलेलं आहे. ही पद्धत १९७० च्या दशकापासूनची. साठ टक्के जागा चोवीस आठवडे आधी सोडतीने जातात, उरलेल्या चाळीस टक्के निघण्याच्या सात दिवस आधी सकाळी ७ वाजता खुल्या होतात.

वॉटरव्हीलच्या अलीकडे ग्लेन ऑलिन हा मुक्कामाचा टप्पा लागतो. त्या वाटेवर दोन वेगळे परवाने आहेत. एकात पहिला मुक्काम ग्लेन ऑलिनलाच करावा लागतो. दुसऱ्यात तिथे न थांबता पुढे जावं लागतं. आम्ही पहिला मागितला. तीन दिवस, दोन रात्री. पहिल्या दिवशी नऊ-साडेनऊ किलोमीटर चालून ग्लेन ऑलिन. दुसऱ्या दिवशी तंबू तिथेच ठेवून हलक्या पाठपिशव्यांनी वॉटरव्हीलपर्यंत आणि परत. तिसऱ्या दिवशी वर. घळईतला सगळ्यात मोठा चढ, सुमारे १,४०० फुटांचा, अशाने पाठीवर ओझं नसताना चढता येईल.

दादाला फोनवर हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, एवढे नियम ऐकून तो वैतागेल. तो म्हणाला, ‘अगं, वासोट्याला जायचं तरी वनखात्याची परवानगी काढावी लागते. रानात शिरायचं तर विचारून शिरावं.’

एक गोष्ट मात्र सलते आहे. जानेवारीत जुलैची तारीख मागायची. ज्या बर्फाचं पाणी बघायला जायचं, तो बर्फ अजून पुरता पडलेलाही नाही.

२९ जानेवारी

सोडतीत नाव निघालं नाही. आम्ही मागितलेल्या दिवसांच्या जागा संपल्या. लेक हिरमुसली. मी तिला म्हटलं, सात दिवस आधीच्या चाळीस टक्के जागा आहेत ना. आणि विचार केला तर त्या आपल्या जास्त उपयोगाच्या. तेव्हा रस्ता उघडला का, ओढ्याला किती पाणी आहे, डोंगरावर बर्फ किती उरला आहे, हे सगळं समोर असेल. आज मागितली असती ती माझ्या सुट्टीची तारीख. मला हवी आहे ती पाण्याची.

३ एप्रिल

एप्रिलच्या आरंभी सिएरा नेवाडातला बर्फ साधारण सर्वात जास्त असतो, म्हणून या दिवसांतल्या मोजणीकडे सारं कॅलिफोर्निया डोळे लावून बसतं. फिलिप्स स्टेशनला राज्याच्या जलखात्याची माणसं पोकळ नळी बर्फात जमिनीपर्यंत खुपसतात, आतल्या बर्फासकट ती तोलतात आणि त्या वजनावरून तिथे किती इंच पाणी साठलं आहे ते काढतात. बर्फाच्या खोलीवरून पाणी कळत नाही. भुसभुशीत दहा फुटांपेक्षा घट्ट पाच फुटांत जास्त पाणी असू शकतं. टुआलमीच्या खोऱ्यावरून तर २०१३ पासून विमानानेही मोजणी होते: लेझरच्या साहाय्याने बर्फाची जाडी मोजून साऱ्या डोंगराचा हिशोब मांडतात.

दादाला दोन टोकांची वर्षं सांगितली. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्यातला बर्फ सरासरीच्या पाच टक्के होता. तेव्हाचे गव्हर्नर फिलिप्स स्टेशनला कोरड्या गवतावर उभे होते. २०२३ मध्ये तो सरासरीच्या दुपटीहून जास्त होता आणि टुआलमी मेडोजला नेणारा, हिवाळ्यात बर्फाने बंद असणारा टायोगा रस्ता २२ जुलैला उघडला. एकाच धबधब्याच्या तारखेत अशी महिन्यांची उलथापालथ होते.

यंदाचा बर्फ सरासरीच्या आसपास. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नदी सर्वात भरलेली असेल, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चाकं फिरत असावीत. अंदाज पेन्सिलीने लिहून ठेवला.

दादा म्हणाला, ‘आमचं ठोसेघर पावसावर. आभाळ फाटलं की दुसऱ्या दिवशी दरी भरते. तुमच्याकडे उन्हावर?’ तसंच आहे. इथे उन्हाळ्यात पाऊस नाहीच म्हटलं तरी चालेल. सगळं पाणी हिवाळ्यात पडून डोंगरावर थांबतं आणि ऊन त्याला हळूहळू सोडत राहतं.

११ मे

विंडी हिलला सराव. आमच्या घरापासून जवळ आणि या ट्रेकसाठी अगदी योग्य, कारण गाडी वर स्कायलाइन रस्त्याच्या कडेला लावून आधी गवताळ सोंडेवरून पोर्टोला व्हॅलीकडे उतरायचं आणि मग तीच सोंड चढून यायचं. चढ साधारण घळईतल्या दुसऱ्या दिवसाएवढाच. लेकीच्या आणि माझ्या पाठीवर पूर्ण वजन होतं. परतीला ऊन तापलं, सावली नाही. घळईतही दुपारी असंच असणार: दोन्ही बाजूंचा कातळ तापतो आणि वर येताना वारा लागत नाही.

किती वेळ लागला हे लिहिण्यापेक्षा कोणत्या वेळी पाणी संपत आलं ते लिहून ठेवलं. चढताना उतारापेक्षा जवळजवळ दुप्पट पाणी लागतं. घळईत नदी बाजूला असली तरी ती प्रत्येक ठिकाणी हाताशी नसते.

दादाचा सराव अजिंक्यताऱ्यावर चालू आहे. तो रोज पहाटे चढून येतो. मी सुचवलं, गाडीने वर जा, पायी खाली ये आणि मग चढ. त्याला पटलं. आता आठवड्यातून दोनदा तो तसं करतो, पाठपिशवीत तांदळाचं पोतं घालून.

१४ जून

दादा आला. टायोगा रस्ताही याच आठवड्यात उघडला. आता पलीकडची सगळी माहिती कानावर येते आहे: कुरणात अजून पाणी साचलेलं, डासांचा हंगाम सुरू, ग्लेन ऑलिनच्या वाटेवरचा डिलेनी ओढा खोल.

सकाळी दादा स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी प्यायला आणि त्याने विचारलं, ‘हे कुठून येतं?’ मी नकाशाच आणला. रेडवूड सिटीचं बहुतेक पाणी टुआलमी नदीचं. लायल आणि डेना या दोन उपनद्या कुरणात मिळतात, तिथून पाणी ग्लेन ऑलिन, वॉटरव्हील करत घळईतून उतरतं आणि हेच हेचीच्या जलाशयात थांबतं. तिथून बोगदे आणि नळ यांतून सुमारे २७० किलोमीटर, मुख्यतः उताराच्या जोरावर, खाडीकाठच्या गावांपर्यंत. आपण बघायला निघालो आहोत ते पाणी रोज या नळातून येतं.

मग त्याला पुढचीही गोष्ट सांगितली, कारण ती न सांगता त्या नदीकाठी नेणं मला बरोबर वाटत नाही. हेच हेची ही योसेमिटीसारखीच उंच कड्यांची दरी होती. आणि तीही राष्ट्रीय उद्यानाच्या आत. १९०६ च्या भूकंपाने आणि आगीने सॅन फ्रान्सिस्को बेचिराख झालं. शहराला स्वतःचं भरवशाचं पाणी हवं होतं. निसर्गवादी जॉन म्यूरने अनेक वर्षं धरणाविरुद्ध लढा दिला. १९१३ च्या डिसेंबरमध्ये रेकर कायदा झाला आणि धरणाला वाट मोकळी झाली. पुढच्या वर्षी म्यूर गेला. ओशॉनेसी धरण १९२३ मध्ये पूर्ण झालं, पाणी शहरात पोचायला १९३४ उजाडलं.

दादा बराच वेळ बोलला नाही. आमच्याकडेही कोयनेच्या शिवसागरात गावं गेली. वासोट्याला नावेतून जाताना आजही त्या पाण्याखाली काय आहे ते सांगणारी माणसं भेटतात. मग तो म्हणाला, ‘पाणी पितो त्या प्रत्येकाने एकदा तरी वर जाऊन बघावं.’ मला या ट्रेकचं याहून चांगलं कारण सांगता येणार नाही.

२३ जून

जलाशयाच्या वरच्या अंगाला, घळईतच, भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं प्रवाहमापन केंद्र आहे. त्याचा आलेख आम्ही तिघं रोज बघतो. रेषा करवतीच्या दात्यांसारखी दिसते. दिवसा ऊन बर्फ वितळवतं, ते पाणी ओढ्यांतून, कुरणातून उतरत खाली पोचायला कित्येक तास घेतं. उगमाजवळचे ओढे म्हणूनच संध्याकाळी फुगतात आणि पहाटे उतरतात. डिलेनी ओढा ओलांडायचा तर सकाळी लवकर. या एका गोष्टीवर पहिल्या दिवसाची निघायची वेळ ठरली.

दात्यांचा कल आता उताराकडे लागला आहे. सर्वात मोठं पाणी होऊन गेलं. याच आठवड्यात गेलो तर धबधबा जास्त रौद्र दिसेल, पण ग्लेन ऑलिनच्या पुढे जिथे दरी सपाट होते तिथे नदी वाटेवर पसरलेली असेल, आणि बर्फाच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून वाट शोधावी लागेल. पुढच्या महिन्याच्या अखेरीस गेलो तर वाट कोरडी, पण चाकं थकलेली. दोन्हींच्या मधला आठवडा आम्हाला हवा. ८ जुलै ठरवलं. पेन्सिलीवर शाई फिरवली.

लेकीने विचारलं, ‘मामा, पाणी जास्त असेल तेव्हा जास्त छान दिसेल ना?’ दादा म्हणाला, ‘दिसेल. पण आपल्याला नीट उभं राहून बघता आलं पाहिजे.’ टुआलमीच्या कातळावर हिमनद्यांनी हजारो वर्षं घासून आरशासारखी झिलई आणली आहे. त्यावर तुषारांचा ओलावा बसला की बूट कोणतेही असोत, टिकत नाहीत. योसेमिटीत नदीकाठच्या ओल्या कातळावरून घसरून माणसं गेली आहेत. आमचा नियम ठरला: कातळ ओला दिसला की तिथे आपली हद्द संपली, फोटोसाठीही पुढे नाही.

१ जुलै

सकाळी पावणेसातला तिघं संगणकासमोर. ७ वाजता जागा खुल्या झाल्या आणि ८ जुलैचा ग्लेन ऑलिनचा परवाना तिघांच्या नावाने मिळाला. लेकीने मामाला मिठी मारली.

लगेच ली व्हायनिंगमधली खोली पक्की केली. ७ तारखेला टायोगा रस्त्याने टुआलमी मेडोजला जाऊन रेंजरकडून परवाना घ्यायचा, वाटेची ताजी खबर विचारायची आणि खिंड ओलांडून पलीकडे मोनो तळ्याकाठी झोपायचं. ते गाव जवळपास ६,८०० फुटांवर आहे. समुद्रसपाटीवरून उठून थेट ८,६०० फुटांवर ओझं घेऊन चालायला लागणं दादाच्या वयाला नको, आणि खरं तर कोणाच्याच. एक रात्र उंचीवर झोपलं की शरीर पुष्कळ सावरतं. पहिल्या दिवशी डोकं दुखलं किंवा मळमळलं तर सांगायचं, लपवायचं नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

४ जुलै

बाहेर फटाके, घरात बांधाबांध. अस्वलाचा डबा भरणं हे आजचं मुख्य काम. जाड प्लॅस्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा, रिकामाच किलोभराहून जड. योसेमिटीच्या रानात अन्न अशाच डब्यात ठेवावं लागतं. इथली अस्वलं काळ्या जातीची, रंगाने बरीचशी तपकिरी. ग्रिझली कॅलिफोर्नियातून १९२० च्या दशकातच संपली. काळं अस्वल माणसाच्या मागे येत नाही, माणसाच्या अन्नामागे येतं. एकदा त्याला ती चव लागली की ते धीट होतं आणि शेवटी बहुतेक वेळा जीव त्याचाच जातो. म्हणून डबा आपल्या जेवणाच्या रक्षणासाठी आहे त्याहून जास्त अस्वलाच्या रक्षणासाठी आहे. वासाची प्रत्येक वस्तू आत: दातांची पेस्ट, सनस्क्रीन, डासांचं मलमसुद्धा. रात्री तंबूपासून दूर, सपाट जागी ठेवायचा, लवंडला तर नदीत जाणार नाही असा.

डब्यात बसेल तेवढंच जेवण. ग्लेन ऑलिनच्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ तासभर रटरटत राहील आणि गॅस संपेल. म्हणून शिजवण्यापेक्षा भिजवण्याचे पदार्थ. पातळ पोह्यांचे दडपे, भाजून ठेवलेल्या रव्याचा सांजा, मेतकूट आणि आधी शिजवून सुकवलेला भात, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, खजूर. गूळपोळ्या तिसऱ्या दिवसासाठी राखून, चढाच्या मध्यावर खायच्या.

नंतर बाकीचे नियम एकत्र वाचले. तंबू पाण्यापासून आणि वाटेपासून १०० फूट दूर. शौचासाठी २०० फूट दूर, सहा इंच खोल खड्डा, कागद पिशवीत परत आणायचा. भांडी नदीत धुवायची नाहीत, साबण कोणताही असो. पाणी गाळून प्यायचं, कारण पोटात जियार्डिया गेला तर आठवडे जातात. दादाने प्रत्येक नियमावर मान हलवली. खाली किती घरांत हे पाणी प्यायलं जातं ते कळल्यावर या २०० फुटांचा जाच वाटत नाही.

६ जुलै

सगळं दाराशी लागलं आहे. डासांच्या जाळ्या, कागदी नकाशा, होकायंत्र, संदेश पाठवणारं उपग्रहयंत्र. घळईत मोबाइलला रेंज नाही.

शेवटचं काम म्हणजे सनीव्हेलच्या मैत्रिणीसाठी चिठ्ठी. हे मी सगळ्यात काळजीने करते. गाडीचा नंबर, वाटेचं नाव, परवान्याच्या तारखा, दोन्ही रात्रींच्या मुक्कामाची जागा, तंबूचा रंग, दादाच्या गोळ्यांची नावं. ती वाचून अनोळखी माणसालाही आम्हाला शोधता आलं पाहिजे.

त्यात वेळापत्रकही लिहिलं. ८ ला पहाटे ली व्हायनिंग सोडायचं, म्हणजे डिलेनी ओढा पाणी चढायच्या आत पार होईल. तो तेव्हाही मांडीच्या वर असेल तर ओलांडायचा नाही. कुरणातच फिरायचं आणि लेम्बर्ट डोम बघून परतायचं. ९ ला सकाळी ७ वाजता ग्लेन ऑलिनहून निघायचं, साडेदहापर्यंत वॉटरव्हील. दुपारच्या वादळी ढगांची चाहूल लागली तर उघड्या कातळावरून आधीच हलायचं. आणि १२ वाजता परत फिरायचं, जिथे असू तिथून, धबधबा दिसला असो वा नसो.

हे शेवटचं वाक्य मी चिठ्ठीत लिहिण्याआधी मोठ्याने वाचलं. दादा सातासमुद्रापलीकडून आला आहे, इतके महिने आम्ही याची वाट बघितली आहे, आणि तरीही लकाँटच्या उतारावर १२ वाजले तर पुढचा एक किलोमीटर सोडून द्यावा लागेल. तिथे गेल्यावर हे ठरवायला बसलो तर कोणीतरी म्हणेलच, इतकं आलोय तर. म्हणून आजच, घरात, जेवण झाल्यावर ठरवलं. लेक हो म्हणाली. दादा म्हणाला, ‘बारा म्हणजे बारा. वेळ माझ्या घड्याळावर बघायची.’

चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं: १० तारखेला रात्री ८ पर्यंत आमचा फोन आला नाही तर उद्यानाला कळव. तिने उलट फोन करून नंबर पुन्हा वाचून दाखवला. उद्या पहाटे ५ ला निघतो आहोत.